छातीवरचा बिल्ला, यादीतले नाव

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की जुन्या दिल्लीतील सदर बाजाराच्या गल्ल्यांना निराळाच रंग चढतो. एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या पक्षांचे झेंडे, टोप्या, उपरणी आणि बिल्ले तेथे एकाच दोरीवर शेजारी शेजारी लटकत असतात. व्यापाऱ्याला विचारधारेशी कर्तव्य नसते. कोणत्या चिन्हाला उठाव आहे, एवढेच तो पाहतो. कार्यकर्ते घाऊक भावाने बिल्ले नेतात, सभेत मुठीमुठीने वाटतात आणि मतमोजणी आटोपली की तेच बिल्ले मुलांच्या खेळण्यांत नाही तर कचऱ्यात जातात. राजकारणातील सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर बिल्ल्याकडे बोट दाखवावे लागेल.

या क्षुल्लक वस्तूला मात्र एक इतिहास आहे आणि तो विसरण्याजोगा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-अमेरिकेतील ज्या स्त्रियांना मत देण्याचा अधिकारच नव्हता, त्यांनी हा बिल्ला छातीवर लावला. तो लावून रस्त्यावर उतरणे म्हणजे कुचेष्टा, घरातील रोष आणि प्रसंगी तुरुंगवास ओढवून घेणे होते. त्यांतलाच एक बिल्ला हिंदुस्थानातही येऊन पोहोचला आणि आपल्या देशातील स्त्री-मताधिकाराच्या कथेत त्याने एक छोटी पण महत्त्वाची भूमिका बजावली.

१९११ साली हेराबाई टाटा ही पारशी गृहिणी आपली कन्या मिठन हिच्यासह काश्मीरमध्ये सुट्टीसाठी गेली होती. तेथे त्यांची गाठ सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया या पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्या कन्या आणि महाराजा रणजितसिंगांच्या नात. त्या इंग्लंडमध्येच लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांच्या पोशाखावर एक लहानसा बिल्ला होता. त्यावर शब्द होते, ‘व्होट्स फॉर विमेन’, म्हणजे स्त्रियांना मताधिकार द्या. हेराबाईंचे लक्ष त्या बिल्ल्याने वेधले, त्यावरून बोलणे निघाले आणि त्या बोलण्यातून हेराबाईंचे उर्वरित आयुष्य एका नव्या मार्गाला लागले. तो मार्ग पुढे लंडनमधील संसदीय समितीपर्यंत आणि मुंबईच्या कायदेमंडळापर्यंत गेला. बिल्ला कोणत्या कामासाठी असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एका पेनीचे राजकारण

राजकीय खुणा अंगावर मिरविण्याची प्रथा तशी जुनी. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या समर्थकांनी कोटाला धातूची स्मारक-बटणे शिवून घेतली होती. इंग्लंडमध्ये १७८७ साली जोशाया वेजवूड या कुंभकलेच्या कारखानदाराने गुलामगिरीविरोधी पदक काढले. साखळदंडात गुडघे टेकून बसलेला गुलाम आणि ‘मी माणूस नाही काय, बंधू नाही काय’ असा त्याचा प्रश्न त्यावर कोरलेला होता. अनेक स्त्रियांनी हे पदक कंकणात आणि केसांच्या काट्यांत जडवून घेतले. ज्यांना सार्वजनिक प्रश्नावर बोलण्याची मुभा नव्हती, त्यांनी आपले मत दागिन्याच्या रूपाने व्यक्त केले. पुढे शंभर वर्षांनी मताधिकाराच्या चळवळीने हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली.

ते शक्य झाले एका तांत्रिक सुधारणेमुळे. न्यू जर्सीतील न्यूअर्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९० च्या दशकात बिल्ल्याची नवी घडण बाजारात आणली. पत्र्याची गोल चकती, तिच्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचा पातळ पारदर्शक थर, हे सारे कडेने घट्ट दाबून धरणारे धातूचे कडे आणि पाठीमागे तारेची टाचणी, एवढाच त्याचा संसार. पूर्वी ओतीव किंवा ठोकीव पदकाला जो खर्च येई, त्याच्या किरकोळ हिश्श्यात आता रंगीत चित्र आणि घोषणा दोन्ही मिळू लागली. १८९६ च्या मॅकिन्ले विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय लढतीत असे बिल्ले पहिल्यांदा प्रचंड संख्येने वाटले गेले.

घोषणाही बिल्ल्याच्या मापाची हवी होती. तिची कथा मनोरंजक आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लिबरल पक्षाची सभा होती. क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि ॲनी केनी या दोघींनी तेथे फडकविण्यासाठी मोठे फलक-कापड तयार केले होते. लिबरल पक्ष स्त्रियांना मते देणार काय, असा पूर्ण प्रश्न त्यावर होता. अपेक्षित जागा मिळाली नाही, तेव्हा कापडाचा मोठा भाग कापून टाकावा लागला आणि ‘व्होट्स फॉर विमेन’ हे तीन शब्द तेवढे उरले. त्या दोघींना त्या दिवशी अटक झाली, त्या तुरुंगात गेल्या आणि ते तीन शब्द जगभर गेले. इंचभर व्यासाच्या चकतीवर दुरून वाचता येईल, अशी याहून नेमकी मागणी शब्दबद्ध करणे अवघडच होते.

रंगांची भाषा

एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये मँचेस्टर येथे स्थापन केलेल्या विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियनने, म्हणजे ज्यांना पुढे ‘सफ्रजेट’ म्हटले गेले त्या जहाल गटाने, बिल्ल्याचे महत्त्व फार लवकर ओळखले. २१ जून १९०८ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये या संघटनेने विराट मेळावा भरविला. त्या निमित्ताने एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी संघटनेसाठी तीन रंग ठरविले. जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा शुचितेचा आणि हिरवा आशेचा. मेळाव्याला येणाऱ्या स्त्रियांनी पांढरा पोशाख करावा आणि त्यावर हे रंग धारण करावेत, असे आवाहन होते. लाखोंच्या त्या गर्दीत दूरवरूनही कोण आपले, हे ओळखता येऊ लागले.

यामागील हिशेब केवळ सौंदर्याचा नव्हता. पुरुषांच्या पक्षांना कचेऱ्या होत्या, क्लब होते, वृत्तपत्रे होती, संसदेत बाके होती. स्त्रियांना यांतले काहीच नव्हते. ज्या वर्गाला सार्वजनिक जीवनात अस्तित्वच नाही, त्याने आपले अस्तित्व दाखवावे कसे? बिल्ल्याने हा प्रश्न काही अंशी सोडविला. कारखान्यातील कामगार स्त्री, शाळेतील शिक्षिका आणि सरदार घराण्यातील बाई यांना जोडणारा तो एकमेव दृश्य धागा होता. ट्रामगाडीत समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या छातीवर तो दिसला की संभाषणाला निमित्त मिळे. शिवाय पेनी-दोन पेनीच्या विक्रीतून चळवळीच्या तिजोरीत पैसा येई. संघटनेने ठिकठिकाणी आपली दुकाने उघडली. बिल्ले, रुमाल, चहाची भांडी, पुस्तिका असा सगळा माल तेथे मिळे.

पंथ वाढले तसे रंगही वाढले. मिलिसंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालील सनदशीर मार्गाच्या राष्ट्रीय संघाने लाल, पांढरा आणि हिरवा हे रंग घेतले. पँकहर्स्ट मायलेकींच्या एकतंत्री कारभाराला कंटाळून १९०७ मध्ये बाहेर पडलेल्या विमेन्स फ्रीडम लीगने हिरवा, पांढरा आणि सोनेरी हे रंग स्वीकारले. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असे म्हणणाऱ्या विमेन्स टॅक्स रेझिस्टन्स लीगच्या बिल्ल्यावर ‘नो व्होट, नो टॅक्स’ ही घोषणा होती. स्त्रियांना मत नकोच, असे मानणाऱ्या स्त्रियांचीही संघटना १९०८ मध्ये निघाली आणि तिनेही आपला बिल्ला काढला. म्हणजे कोणाचा मार्ग कोणता, कोणाचे कोणाशी पटत नाही, याचा सारा नकाशा त्या काळच्या लंडनमध्ये स्त्रियांच्या पोशाखावर वाचता येत होता.

येथे एका रूढ गैरसमजाचा उल्लेख करणे योग्य ठरेल. हिरवा, पांढरा आणि जांभळा या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘गिव्ह विमेन व्होट्स’ हा गुप्त संदेश निघतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्या आधारे जुन्या बाजारात या तीन रंगांच्या खड्यांचा कोणताही दागिना चढ्या भावाने विकला जातो. या कथेला समकालीन आधार नाही. तशा खड्यांचे दागिने त्या काळी सर्रास वापरात होते. मुळात या चळवळीला गुप्त संदेशाची गरजच नव्हती. आपली मागणी सर्वांना दिसावी, हाच तर बिल्ल्याचा हेतू होता.

तुरुंगाचा दागिना

पेनीचा बिल्ला कोणालाही विकत घेता येई. काही बिल्ले मात्र विकत मिळत नसत. ते कमवावे लागत. होलोवे हा लंडनमधील स्त्रियांचा तुरुंग. तेथे शिक्षा भोगून आलेल्या कार्यकर्तीला संघटना एप्रिल १९०९ पासून एक पिन देऊ लागली. ती घडविली होती एमेलिन यांची कन्या सिल्विया पँकहर्स्ट हिने, जी स्वतः शिक्षण घेतलेली चित्रकार होती. पिनेचा आकार लोखंडी जाळीच्या दरवाजाचा होता. ही जाळी म्हणजे ब्रिटिश संसदेचे मानचिन्ह. त्यावर जांभळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या मिन्यात बाणाची खूण होती. ही खूण सरकारी मालमत्तेवर आणि कैद्यांच्या कपड्यांवर उमटवली जाई. ज्या संसदेने दार बंद केले तिचे चिन्ह आणि ज्या शासनाने कैदी ठरविले त्याची खूण, या दोहोंचा मिळून सिल्वियाने सन्मानाचा अलंकार केला. लज्जेच्या खुणेचे असे रूपांतर करणे, हे राजकीय प्रतिभेचेच लक्षण म्हटले पाहिजे.

त्यापुढची पायरी अधिक कठोर होती. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी होलोवेत अन्नत्याग केला आणि चळवळीला उपोषणाचे शस्त्र सापडले. सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नळीने बळजबरीने अन्न घालण्यास सुरुवात केली. संघटनेने उपोषण करणाऱ्यांसाठी लष्करी पदकाच्या धर्तीवर पदक काढले. वरच्या पट्टीवर ‘शौर्यासाठी’ असे शब्द, खाली तिरंगी फीत आणि त्याखाली चांदीची चकती. तिच्या एका बाजूस ‘हंगर स्ट्राइक’ हे शब्द आणि दुसऱ्या बाजूस त्या स्त्रीचे नाव कोरलेले असे. हे नाव कोरणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण त्या काळी विवाहित इंग्रज स्त्रीसुद्धा समाजात बहुधा पतीच्या नावाने ओळखली जाई. सरकारी मतदारयादीत जिला जागा नव्हती, तिचे नाव चळवळीने चांदीवर कोरून ठेवले.

तारे, गुलाब आणि कुलूप

अमेरिकेत प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. तेथे मताधिकार प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यावर अवलंबून असल्यामुळे लढाई राज्याराज्यांतून लढावी लागली. साहजिकच बिल्ल्यावर लढाईचा हिशेब आला. वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा आणि आयडाहो या चार राज्यांत स्त्रियांना पूर्ण मताधिकार मिळाला, तेव्हा बिल्ल्यावर चार तारे होते. १९१० मध्ये वॉशिंग्टन राज्याने पाचवा आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियाने सहावा तारा दिला. कॅलिफोर्नियातील विजय अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास मताधिक्याने मिळाला होता. जुन्या बिल्ल्यावरील तारे मोजले तर तो साधारण कोणत्या वर्षीचा, हे आजही अभ्यासकांना सांगता येते.

तेथील चळवळीचा रंग पिवळा. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातील सार्वमताच्या प्रचारात तेथील सूर्यफुलावरून तो घेतला गेला आणि पुढे अर्धशतक टिकला. तथापि बिल्ले वाटले म्हणजे लढाई जिंकली, असे कधीच झाले नाही. १९१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये निळ्या पक्ष्याच्या आकाराचे सुमारे एक लाख पत्र्याचे फलक जागोजागी लावण्यात आले. नोव्हेंबरमध्ये सार्वमत झाले, तेव्हा तेथील पुरुष मतदारांनी तो प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला.

त्यानंतर लढ्याचे केंद्र राजधानीकडे सरकले. ॲलिस पॉल यांच्या नॅशनल विमेन्स पार्टीच्या कार्यकर्त्या १० जानेवारी १९१७ पासून व्हाइट हाउसच्या फाटकापाशी फलक घेऊन मूकपणे उभ्या राहू लागल्या. अनेकींना तुरुंगात टाकले गेले, तेथे उपोषणे झाली, नळीने अन्न घालण्याचे प्रकारही झाले. डिसेंबर १९१७ मध्ये या स्त्रियांना एका समारंभात चांदीची छोटी पिन देण्यात आली. तुरुंगाचे दार, त्यावर साखळी आणि हृदयाच्या आकाराचे कुलूप. पॉल यांनी इंग्लंडमधील चळवळीत स्वतः तुरुंगवास भोगला होता. होलोवेच्या पिनेचे हे अमेरिकी भावंड होते.

शेवटचा अंक टेनेसी राज्यात घडला. मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला छत्तीस राज्यांची संमती हवी होती आणि पस्तीस मिळाल्या होत्या. ऑगस्ट १९२० मध्ये नॅशव्हिलच्या विधिमंडळात समर्थकांनी पिवळा गुलाब आणि विरोधकांनी लाल गुलाब कोटाला लावला होता. मतदानापूर्वीच बलाबल मोजता येत होते. हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा सदस्य लाल गुलाब लावून बसला होता. त्याच्या खिशात मात्र दुरुस्तीला पाठिंबा दे, असे सांगणारे आईचे पत्र होते. १८ ऑगस्ट रोजी त्याने अनपेक्षितपणे बाजूने मत दिले आणि दुरुस्ती संमत झाली. कोटावरची खूण आणि मनातील मत यांत अंतर असू शकते, हे जाणणाऱ्यांना या प्रसंगाचे मोल सांगावयास नको.

या यशाची काळी बाजूही नोंदविली पाहिजे. मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांची भव्य मिरवणूक निघाली, तेव्हा आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार-कार्यकर्तीला आपल्या राज्याच्या तुकडीत न चालता मागे चालण्यास सांगण्यात आले. तिने ते मानले नाही. मिरवणूक सुरू झाल्यावर ती आपल्याच तुकडीत येऊन सामील झाली. १९२० नंतरही दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा मताधिकार बहुतांशी कागदावरच राहिला. त्याला खरा आधार १९६५ च्या कायद्याने मिळाला. एकच घोषणा छातीवर असूनही सर्वांच्या वाट्याला सारखा अधिकार आला नाही.

काश्मीर ते लंडन, लंडन ते मुंबई

साम्राज्याच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १७ जून १९११ रोजी राज्यारोहणाच्या निमित्ताने लंडनमध्ये स्त्रियांची मोठी मिरवणूक निघाली. साड्या नेसलेल्या काही हिंदी स्त्रिया त्यात हत्तीचे चित्र असलेल्या पताकेसह सहभागी झाल्या. त्यांची छायाचित्रे आजही प्रसिद्ध आहेत. परंतु तो सहभाग होता साम्राज्याचा विस्तार दाखविण्यासाठी. हिंदुस्थानातील स्त्रियांना मत द्या, अशी मागणी त्या मिरवणुकीची नव्हती. हिंदी पुरुषांनाच जेथे नाममात्र मताधिकार होता, तेथे स्त्रियांचा विचार कोण करणार?

या पार्श्वभूमीवर सोफिया दुलीपसिंग यांचे व्यक्तित्व वेधक ठरते. राणी व्हिक्टोरियाच्या त्या मानसकन्या. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या आवारातील निवासस्थान त्यांना राजकृपेने मिळालेले. त्याच राजवाड्यासमोर उभ्या राहून त्या चळवळीचे वृत्तपत्र विकत. नोव्हेंबर १९१० मध्ये संसदेवर गेलेल्या आणि पोलिसांच्या मारहाणीमुळे ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मोर्चात त्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्यासोबत आघाडीवर होत्या. कर भरण्यास नकार दिल्याबद्दल त्यांची सात हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन १९११ मध्ये लिलावात निघाली. चळवळीतील मैत्रिणीने ती विकत घेऊन त्यांना परत केली. ज्या राजकन्येच्या आजोबांचा कोहिनूर इंग्रजांच्या खजिन्यात होता, तिने स्वतःची अंगठी सरकारच्या हाती जाऊ दिली आणि पत्र्याचा बिल्ला छातीवर ठेवला. हेराबाई टाटांनी काश्मीरमध्ये पाहिला तो हा बिल्ला.

हेराबाईंनी त्या भेटीनंतर या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. १९१७ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स आणि डोरोथी जिनराजदास यांच्या पुढाकाराने विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. तथापि मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने देशातील सामाजिक परिस्थिती आणि पडद्याची चाल पुढे करून स्त्रियांना मत नाकारले. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईतील स्त्रियांच्या वतीने हेराबाई आणि मिठन या मायलेकी लंडनला गेल्या. संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, सभा घेतल्या, ब्रिटिश स्त्रीसंघटनांचा पाठिंबा मिळविला. मिठन तेव्हा अवघी एकवीस वर्षांची होती.

या वास्तव्यात त्यांची भेट मादाम भिकाजी कामा यांच्याशी झाल्याचे सांगितले जाते. जर्मनीतील स्टुटगार्टच्या परिषदेत १९०७ मध्ये हिंदुस्थानचा ध्वज फडकविणाऱ्या या क्रांतिकारक बाईंचे मत निराळे होते. आधी देशाच्या स्वातंत्र्यासाठी झटा; देश स्वतंत्र झाला की स्त्रियांना मतच काय, सारेच हक्क मिळतील, असा त्यांचा सल्ला होता. आधी स्वातंत्र्य की आधी मताधिकार, हा वाद पुढील तीन दशके या देशातील स्त्रीनेत्यांचा पाठलाग करीत राहिला. कामाबाईंचे भाकीत मताधिकारापुरते खरे ठरले. ‘सारेच हक्क’ या शब्दांबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

१९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला. मद्रासने १९२१ मध्ये पहिले पाऊल टाकले आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळानेही स्त्रियांवरील अपात्रता दूर केली. मुंबई इलाख्यातील या प्रयत्नांत सेवासदनाच्या रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. अर्थात हा अधिकार मालमत्ता आणि कर यांच्या अटींनी इतका जखडलेला होता की त्याचा लाभ मूठभर स्त्रियांनाच झाला. १९३५ च्या कायद्याने हा आकडा सुमारे साठ लाखांवर गेला. त्यातही पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीला मत, अशी तरतूद होती. म्हणजे अधिकार तिचा, पण आधार त्याचा. सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना सरसकट मत द्यावे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या काळातच धरला होता. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने १९५० मध्ये तो प्रत्यक्षात आला. मिठन, विवाहानंतरच्या मिठन लाम, तोवर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्री आणि १९४७ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या होत्या.

अठ्ठावीस लाख नावे

येथे ही कथा सुखान्त व्हावयास हरकत नव्हती. पण मताधिकार कागदावर येणे आणि मतदार यादीत येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रशासनात काम करणाऱ्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा लाखो स्त्रियांनी प्रगणकाला आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्यांनी दिली. परक्या पुरुषाला नाव सांगण्याची रीत नव्हती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी भूमिका घेतली की मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे आणि यादीत तिचे स्वतःचे नाव असलेच पाहिजे. नावे मिळविण्यासाठी मुदत वाढवून देण्यात आली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद अखेर वगळावी लागली. ही संख्या मुख्यतः उत्तर आणि मध्य भारतातील होती.

सेन यांच्यावर त्या वेळी टीकाही झाली. आज मागे वळून पाहताना त्यांचा आग्रह योग्यच वाटतो. ‘अमक्याची बायको’ अशी नोंद मान्य केली असती, तर १९३५ च्या कायद्यातील पतीच्या आधाराची कल्पना मागच्या दाराने यादीत शिरली असती. पुढच्या निवडणुकीपर्यंत बरीचशी नावे यादीत आली. होलोवेतून सुटलेल्या स्त्रीच्या पदकावर तिचे नाव कोरले गेले आणि बिहारमधील खेड्यातल्या स्त्रीचे नाव कारकुनाच्या टाकाने यादीत लिहिले गेले, या दोन घटनांत अंतर फार आहे. पण लढाई एकाच गोष्टीसाठी होती. स्त्रीची गणना कोणाच्या तरी नात्याने न होता तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी.

आता चित्र पालटले आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित का होईना पुढे गेले आणि २०२४ मध्ये ते पुढेच राहिले. त्याच २०२४ च्या निवडणुकीत ५४३ सदस्यांच्या सभागृहात निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या मात्र ७४ होती. एक-तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली, तेव्हाच तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी जोडली गेली. आधी हे होऊ द्या, मग तुमचे पाहू, हे उत्तर साउथबरो समितीच्या काळापासून स्त्रियांच्या ओळखीचे आहे.

कायद्याने मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराची कोणतीही खूण दाखविण्यास मनाई केली आहे. सदर बाजारातला बिल्ला तेथे बाहेरच उतरवावा लागतो. आत जाताना मतदाराजवळ उरते ते फक्त यादीतले नाव आणि बाहेर येताना बोटावर शाईचा ठिपका. सोफियांच्या छातीवरील बिल्ला ज्यासाठी होता, ते हेच. तो बिल्ला उतरवून ठेवण्याची वेळ यावी, याचसाठी तर तो लावला गेला होता. सभागृहातील बाकांचा हिशेब पुरा होईपर्यंत ती वेळ आली असे म्हणणे घाईचे ठरेल.